दोन वायरलेस संचांचा माग

२५ नोव्हेंबर १९५५. गोव्यात रेडिओचा काटा फिरवणाऱ्यांना त्या दिवशी एक अनोळखी स्टेशन लागलं. आधी पोर्तुगीज भाषेतलं निवेदन, मग कोकणीतलं. बोलणं शिकल्यासवरल्या माणसाचं, ठाम आणि स्वच्छ. पण त्यातला मजकूर पणजीच्या सरकारी केंद्रावरून कधीच कानी पडला नसता. गोवा पोर्तुगालचा नाही, गोंयकारांचा आहे, असं हे स्टेशन उघड म्हणत होतं. पोर्तुगीजमध्ये त्याचं नाव होतं ‘व्हॉझ द लिबेरदाद’ आणि कोकणीत ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’.

हे स्टेशन बोलतं कुठून? ते चालवतं कोण? आणि त्यांच्या हाती हे यंत्र आलं कसं?

पहिले दोन प्रश्न पोर्तुगीज सरकारला पुढची सहा वर्षं छळत राहिले. मला जास्त ओढतो तो तिसरा. त्याचा माग काढत गेलं की वाट आधी सिल्वासाच्या जंगलात शिरते, तिथून पुण्याच्या हिराबागेत येते, मग कोल्हापुरात, आणि शेवटी आपल्याच शिरोळ तालुक्यात, कुरुंदवाडला येऊन थांबते. आपल्या भागात ही गोष्ट सलग कुणी सांगताना मी ऐकलेली नाही. तुकडे सगळ्यांना माहीत असतात. बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, कोल्हापूरचे, मोहन रानडे सांगलीचे, आंबोलीला पाऊस फार. पण हे तुकडे एकाच कहाणीचे आहेत.

त्या काळचा गोवा आधी डोळ्यांपुढे आणायला हवा. पोर्तुगीजांचं स्वतःचं रेडिओ केंद्र, ‘एमिसोरा द गोवा’, १९४६ पासून पणजीत चालू होतं. कारभाराची भाषा पोर्तुगीज. त्यावर लिस्बनच्या बातम्या असत, पोर्तुगीज गाणी असत, पाश्चात्त्य वाद्यवृंद असत, कोकणी संगीतही असे. आणि हिंदी चित्रपटगीतंही असत. या शेवटच्या गोष्टीमुळे हे परक्या राजवटीचं केंद्र गोव्याबाहेरही ऐकलं जाऊ लागलं. कारण दिल्लीत १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांनी आकाशवाणीवरच्या चित्रपटगीतांना कात्री लावली. निर्मात्यांशी वाद झाला, आणि काही काळ ती गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशीच झाली. केसकर पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे खरे कैवारी. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला आणि त्याचं मोल मोठं आहे. तरीही हा निर्णय चुकला असंच मी म्हणेन. माणसाला गाणं हवंच असतं. आपल्या घरी नाही मिळालं तर तो ते शेजाऱ्याकडे ऐकतो. देश रेडिओ सिलोनकडे वळला, आणि गोव्याचं स्टेशन ज्यांना लागायचं ते त्याच्याकडेही वळले. विविध भारती सुरू व्हायला १९५७ चा ऑक्टोबर उजाडला.

आपल्याकडे तेव्हा सांगली केंद्र नव्हतं. ते १९६३ चं. रेडिओ होते ते मोजक्या घरांत, वाड्यांत, पेढ्यांवर. कौलांवर एरियलची तार, पोस्टातून काढलेला परवाना, आणि संध्याकाळी सेटभोवती जमलेली आळी. मुंबई लागायची, १९५० साली सुरू झालेलं धारवाड लागायचं, १९५३ पासून पुणं आलं. रात्री लहान लहरींवर सिलोन. ऐकणाऱ्याला स्टेशन सरकारी की परकं, देशी की विलायती याचं फारसं काही नसे. आवाज स्वच्छ आला आणि गाणं चांगलं लागलं की काटा तिथंच ठेवायचा.

गोव्यातल्या माणसाला मात्र हे स्वातंत्र्य नव्हतं. वर्तमानपत्रावर सेन्सॉर, पुस्तकावर सेन्सॉर, लग्नाच्या निमंत्रणपत्रिकासुद्धा सरकारी नजरेखालून जायच्या. १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली, तेव्हापासून धरपकड चालूच होती. मग आला १९५५ चा स्वातंत्र्यदिन. देशभरातून आलेले हजारो निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या सीमेत शिरले आणि पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसं मेली. त्यानंतर भारताने सीमा बंद केली, रेल्वे थांबली, दूतावासातले संबंध तुटले. नाकेबंदीचा हेतू पोर्तुगीजांना कोंडण्याचा होता. कोंडला गेला तो सामान्य गोंयकारही. मुंबईतल्या नातलगाची खबर नाही, बाहेर काय चाललंय याचा पत्ता नाही, आणि घरात बोलणारं यंत्र एकच, सरकारी एमिसोरा. ती सांगेल तेच खरं.

अशा वेळी ते दुसरं स्टेशन लागलं.

ते कुठून बोलतंय हे शोधण्याची रीत त्या काळी साऱ्या जगाच्या पोलिसांना अवगत होती. दुसऱ्या महायुद्धात युरोपातली छुपी केंद्रं अशीच पकडली गेली. तारेचं एक मोठं कडं घ्यायचं, ते रेडिओला जोडायचं आणि सावकाश फिरवायचं. कड्याची दिशा बदलली की आवाज चढतो-उतरतो, आणि एका ठरावीक दिशेला तो जवळजवळ बुडतो. त्यावरून केंद्र कोणत्या रेषेवर आहे ते कळतं. नकाशावर ती रेषा ओढायची. मग दूरच्या दुसऱ्या गावी जाऊन तेच करायचं, दुसरी रेषा ओढायची. दोन रेषा जिथं छेदतात तिथं केंद्र.

गोव्यातून अशा रेषा ओढल्या तर त्या उत्तरेला, सह्याद्रीच्या माथ्यावर जाऊन मिळाल्या असत्या. आंबोली. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या रत्नागिरी जिल्ह्यात, सावंतवाडीच्या वर, समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास उंचीवर. शिरोळहून सरळ रेषेत शंभरएक किलोमीटर. कोल्हापूर, गडहिंग्लज, आजरा ही वाट आपल्याकडच्या कुठल्याही गोव्याला जाणाऱ्या माणसाला तोंडपाठ. माथ्यावरून पणजी सरळ रेषेत पन्नास-पंचावन्न किलोमीटर आणि मध्ये फक्त उतरत गेलेलं कोकण. रेडिओसाठी याहून चांगली जागा कोण शोधणार? उंचावरून लहर सुटली की खाली किनाऱ्यापर्यंत अडवायला काही नाही. कमी ताकदीच्या यंत्रालाही हा उंचवटा हात देतो.

आणि इथंच पोर्तुगीजांचा हात आखूड पडला. आंबोली भारतात होती. तिथं त्यांचे शिपाई चढून येऊ शकत नव्हते. प्रक्षेपणात खरखर घालून ते दडपायचं, ऐकणाऱ्यांना धाक दाखवायचा आणि केंद्रापर्यंत एखादा माणूस पोचतो का ते बघायचं, एवढंच त्यांच्या हाती उरलं. म्हणून केंद्र चालवणाऱ्यांनाही लपून राहणं भाग होतं. यंत्रसामग्री एका ट्रकमध्ये बसवलेली आणि ट्रक झाडीत. आंबोलीचं जंगल ज्यांनी पावसाळ्यात पाहिलंय त्यांना सांगायला नको. महाराष्ट्रातल्या सर्वांत जास्त पावसाच्या जागांपैकी ही एक. धुकं, जळवा, साप, आणि चार-चार महिने न वाळणारे कपडे. त्यात विजेचं यंत्र कोरडं ठेवायचं आणि रोज ठरल्या वेळी बोलायचं.

बोलणारी माणसं कोण होती? वामन सरदेसाई, लिबिया लोबो आणि सुरुवातीच्या काळात निकोलाव मिनेझिस. निकोलाव पुढे बाहेर पडले. वामन आणि लिबिया शेवटपर्यंत राहिले. लिबियाचा जन्म १९२४ चा, घराणं गोव्यातल्या पर्वरीचं, शिक्षण मुंबईत. महायुद्धाच्या काळात त्यांनी मुंबईच्या सेन्सॉर कचेरीत काम केलं. तिथं इटालियन युद्धकैद्यांची पत्रं उलगडायची असत. नंतर आकाशवाणीतही नोकरी केली आणि कायद्याचं शिक्षण घेतलं. म्हणजे सेन्सॉर आतून कसा चालतो आणि रेडिओ आतून कसा चालतो, हे दोन्ही पाहिलेली बाई. वय एकतीस. मुंबईतलं स्थिर आयुष्य सोडून ती जंगलात गेली आणि जवळजवळ सहा वर्षं तिथंच राहिली. त्या काळात अविवाहित तरुणीने असं करणं म्हणजे काय, याचा विचार प्रत्येकाने आपल्या घरातल्या आजीचं वय आठवून करावा.

त्यांच्या दिवसाचं वेळापत्रक कठोर होतं. जगभरची केंद्रं ऐकून बातम्या टिपायच्या, वर्तमानपत्रं मिळतील तशी वाचायची, एमिसोराने काय सांगितलं ते लक्षपूर्वक ऐकायचं, त्यातलं खोटं कुठलं ते शोधायचं, त्याला उत्तर लिहायचं, पोर्तुगीजमध्ये आणि कोकणीत वेगवेगळं लिहायचं आणि वाचायचं. दिल्लीच्या संसदेत गोव्यावर काय बोललं गेलं, संयुक्त राष्ट्रांत काय ठरलं, आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींत काय चाललंय. डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी वसाहतींच्या स्वातंत्र्याचा ठराव केला. १९६१ च्या सुरुवातीला अंगोलात उठाव पेटला. गोव्यातल्या माणसाला अशा गोष्टी कळणं म्हणजे आपण एकटे नाही हे कळणं. आणि ते पोर्तुगीज भाषेत सांगण्यामागे मोठी दृष्टी होती. पोर्तुगीज जाणणारा गोंयकार सुशिक्षित, कचेरीत बसणारा, कदाचित सरकारच्या बाजूचाही. शिवाय लिस्बनहून आलेला शिपाई. दोघांनाही आपल्या भाषेत ऐकू येत होतं.

आता तिसरा प्रश्न.

आकाशवाणीने हे यंत्र दिलं नव्हतं. परदेशातून ते आलं नव्हतं. ते पोर्तुगीजांचंच होतं. दमणपासून देशाच्या आतल्या बाजूला, गुजरातच्या सीमेवर, दादरा आणि नगर हवेली असे दोन तुकडे पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. चारही बाजूंनी भारत, आणि मध्ये पोलीस ठाणी. ठाण्यांना एकमेकांशी आणि दमणशी बोलायला वायरलेस संच. १९५४ च्या पावसाळ्यात हे दोन्ही तुकडे मुक्त झाले, तेव्हा पोर्तुगीजांचे दोन वायरलेस संच स्वातंत्र्यसैनिकांच्या हाती आले. तेच संच पुढे प्रक्षेपणाच्या यंत्रात रूपांतरित झाले आणि आंबोलीच्या जंगलात जाऊन पोचले. ज्या यंत्रावर पोलीस एकमेकांना हुकूम देत होते, त्याच यंत्रावरून त्यांच्या सत्तेविरुद्ध बातम्या जाऊ लागल्या.

पोलिसांचा संच आणि रेडिओ स्टेशन यांत फरक आहे. संच एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर निरोप पोचवतो. ऐकणारा कुशल असतो, आवाज फाटला तरी त्याला चालतो. रेडिओ स्टेशनला अनोळखी हजारोंच्या कानांवर जायचं असतं, आणि त्यांच्या घरात साधा सेट असतो. लहर जागेवरून हलता कामा नये, माइकमधला आवाज तिच्यावर नीट चढला पाहिजे, एरियल मोठी आणि योग्य दिशेला ताणलेली पाहिजे. हे काम ज्या तंत्रज्ञांनी केलं त्यांच्या हातांना सलाम.

ते संच मिळाले कसे, हे पाहायला १९५४ मध्ये मागे जावं लागतं. दादऱ्याचं ठाणं २१-२२ जुलैच्या रात्री फ्रान्सिस मस्कारेन्हास यांच्या युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सने घेतलं. त्या चकमकीत ठाण्याचे प्रमुख अनिसेतो द रोझारियो मारले गेले. जुलैच्या अखेरीस नगर हवेलीतली नारोली पडली आणि २ ऑगस्टला सिल्वासा. या शेवटच्या मोहिमांत गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमांतक दलाच्या जोडीला राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पुण्या-मुंबईचे स्वयंसेवक होते. त्यांत राजा वाकणकर, विश्वनाथ नरवणे, नाना काजरेकर, बाबासाहेब पुरंदरे अशी माणसं होती. पुढे ज्यांनी शिवचरित्राला आयुष्य दिलं तेच हे पुरंदरे.

मोहिमेला पैसा हवा होता. बंदुका विकत घ्यायच्या होत्या. त्यासाठी पुण्याच्या हिराबागेत लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम ठेवला गेला. तिकिटं विकली गेली, पैसे जमले, आणि ते सिल्वासाच्या वाटेला लागले. त्या दिवशी हिराबागेत बसलेल्या रसिकांपैकी किती जणांना कळलं असेल की आपण एका मुक्तिसंग्रामाची वर्गणी भरतोय? मराठी माणसाच्या करमणुकीच्या इतिहासात इतकं सत्कारणी लागलेलं तिकीट दुसरं सापडणार नाही.

हा कार्यक्रम जमवून आणणारा, या मोहिमेच्या आखणीत पहिल्यापासून असलेला माणूस होता संगीतकार सुधीर फडके.

फडक्यांचा जन्म कोल्हापूरचा, २५ जुलै १९१९. मूळ नाव राम. चित्रपटांचा मोठा संगीतकार, मराठी भावगीताचा राजा, हा माणूस हातातली कामं बाजूला ठेवून बंदुका आणि नकाशे यांच्या मागे लागला. का? त्यांनी स्वतः आयुष्यभर सांगितलं ते एवढंच की देशाचा तुकडा परक्याच्या हातात राहू नये. संगीत आणि देश ही त्यांच्या मनात दोन वेगळी कामं नव्हती.

आणि या मनाचा उगम शोधत गेलं की आपण आपल्या तालुक्यात येतो. कोल्हापुरात फडके गाणं शिकले ते पंडित वामनराव पाध्ये यांच्याकडे. पाध्येबुवा शिष्य पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचे. आणि पलुस्करांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ चा, कुरुंदवाडचा. लहानपणी दत्तजयंतीच्या दारूकामात डोळ्यांना इजा झाली, शिक्षण थांबलं, म्हणून त्यांना मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला पाठवलं. राजदरबारातला गवई होऊन सुखात राहता आलं असतं. त्यांनी ते केलं नाही. ५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं दरबारातून काढून सामान्य माणसाच्या हाती दिलं. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते वंदे मातरम् गात. १९२३ साली काकीनाड्याच्या अधिवेशनात व्यासपीठावरून आक्षेप घेतला गेला, तरी पलुस्करांनी गाणं थांबवलं नाही.

गुरूची गायकी शिष्याच्या गळ्यात उतरते तसा त्याचा पिंडही उतरतो, असं मी मानतो. कुरुंदवाडच्या त्या मुलापासून पाध्येबुवांपर्यंत, पाध्येबुवांपासून कोल्हापूरच्या रामपर्यंत, आणि तिथून पोर्तुगीज ठाण्यांतल्या त्या दोन संचांपर्यंत एक धागा सलग जातो. तो धागा म्हणजे गाणारा माणूस देशाच्या कामातून वेगळा राहू शकत नाही, ही खात्री.

यातली तारखांची जुळणी मला फार विलक्षण वाटते. १ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचं पहिलं गीत वाजलं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत फडक्यांचं. आठवड्याला एक, अशी वर्षाहून थोड्या अधिक काळात छप्पन्न गीतं. आणि ज्यांच्या आग्रहातून ती मालिका उभी राहिली ते केंद्रावरचे सीताकांत लाड मूळ गोव्याचे. महाराष्ट्रभर माणसं रेडिओसमोर हात जोडून बसत होती. त्याच वर्षी, मालिका अर्ध्याहून पुढे गेली असताना, नोव्हेंबरात आंबोलीचं केंद्र बोलू लागलं. म्हणजे १९५५ च्या त्या हिवाळ्यात मराठी मुलखाच्या हवेत दोन आवाज फिरत होते. एका केंद्रावर फडक्यांचं संगीत होतं. दुसऱ्या केंद्राचं यंत्र, ज्या मोहिमेत फडके होते तिच्यातून आलं होतं. आकाशवाणीच्या इतिहासात पहिला आवाज सोन्याच्या अक्षरांत लिहिला गेला, तो योग्यच. दुसऱ्याला मात्र एखादी ओळसुद्धा मोठ्या मुश्किलीने मिळते.

या कहाणीत सांगलीही आहे. मनोहर आपटे हा सांगलीचा मुलगा, जन्म १९३०. गोव्यात सावई-वेरे इथं मराठी शिकवायला गेला आणि आझाद गोमांतक दलात सामील झाला. गोव्याने त्याला मोहन रानडे या नावाने ओळखलं. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात गोळी लागली आणि ते पकडले गेले. आंबोलीचं केंद्र सुरू व्हायच्या जेमतेम महिनाभर आधी. सव्वीस वर्षांची शिक्षा झाली, गोव्याच्या तुरुंगातून लिस्बनजवळच्या काशियाशच्या किल्ल्यात नेलं गेलं. शिरोळपासून सांगली पंधरा-वीस किलोमीटर. तिथला एक तरुण तिकडे एकांतकोठडीत होता आणि इकडे घाटमाथ्यावरून त्याच्याच लढ्याची हकीकत रोज बोलली जात होती.

आंबोलीचं केंद्र पुढे दक्षिणेला, कॅसलरॉकच्या जंगलात हललं. मुरगावच्या रेल्वेवरचं हे भारताच्या हद्दीतलं सीमेचं स्टेशन, दूधसागरच्या वर. जागा बदलली, आवाज बदलला नाही. माझ्या मते या केंद्राचं सर्वांत मोठं कर्तृत्व हेच आहे की ते सहा वर्षं खंड न पाडता बोलत राहिलं. एखादं धाडस करणं एक वेळ जमतं. रोज सकाळी उठून तेच धाडस पुन्हा करणं फार अवघड.

डिसेंबर १९६१. भारतीय फौजा सीमेवर जमल्या, मोहिमेचं मुख्यालय बेळगावात. लिस्बनहून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने गोव्याचे गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांना कळवलं की शरण जायचं नाही, शेवटच्या माणसापर्यंत लढायचं. आणि इकडून त्याच गव्हर्नरला ‘व्हॉझ द लिबेरदाद’वरून, त्याच्याच भाषेत सांगितलं जात होतं की व्यर्थ रक्तपात टाळा, शस्त्रं खाली ठेवा. १७ तारखेच्या रात्री फौजा आत शिरल्या. १८ ला सकाळी हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले, आणि हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र निकामी केलं. पणजीचा लिस्बनशी असलेला मोठा दुवा तुटला. मुरगावच्या बंदरातली ‘आफोन्सो द अल्बुकर्क’ ही युद्धनौका थोडा वेळ निरोप देत राहिली, मग भारतीय नौदलाच्या तोफांनी तीही गप्प झाली. १९ डिसेंबरच्या संध्याकाळी व्हासालो इ सिल्व्हांनी शरणागतीवर सही केली. सालाझारचा हुकूम त्यांनी पाळला नाही, त्यामुळे पणजीतली असंख्य माणसं आणि वास्तू वाचल्या. हे श्रेय त्या माणसाला दिलंच पाहिजे.

त्या दिवशी लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांना हवाई दलाच्या विमानात बसवण्यात आलं. विमानाला ध्वनिक्षेपक लावला होता. ज्या गोव्याशी ती दोघं सहा वर्षं जंगलातून, न दिसता बोलत होती, त्याच्या डोक्यावरून ते विमान फिरलं. पोर्तुगीज आणि कोकणीत त्यांनी सांगितलं की गोवा मुक्त झाला. पत्रकं खाली सोडली. १५१० पासून ४५१ वर्षं. तीन वर्षांनी, १९ डिसेंबरलाच, त्या दोघांनी लग्न केलं. वामन सरदेसाई पुढे अंगोलात भारताचे राजदूत झाले. ज्या अंगोलाच्या बातम्या ते जंगलातून सांगत होते, त्याच देशात. १९९४ साली ते गेले. लिबियाबाई मुक्त गोव्याच्या पहिल्या पर्यटन संचालक झाल्या.

एमिसोराच्या जागी पणजीत आकाशवाणी आली. गोवा मुक्त झाला तरी सांगलीचे मोहन रानडे मात्र पोर्तुगालच्या तुरुंगातच होते. त्यांच्या सुटकेसाठी समिती उभी राहिली आणि तिच्या पाठीशी वर्षानुवर्षं धावत राहिले ते पुन्हा सुधीर फडकेच. दारं ठोठावली, पत्रं लिहिली, दिल्लीच्या फेऱ्या केल्या. मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोप यांच्याकडे शब्द टाकला. जानेवारी १९६९ मध्ये, तेरा वर्षांहून अधिक काळाच्या कैदेनंतर, रानडे सुटले. गीतरामायणाचे प्रयोग करत गावोगाव फिरणाऱ्या फडक्यांच्या मनात त्या साऱ्या वर्षांत हे दुसरं काम चालू होतं. त्यांचं संगीत ऐकताना मला आता हे विसरता येत नाही, आणि विसरूही नये.

आपला तालुका भूमिगत लढ्याला नवखा नाही. निमशिरगावच्या देशभक्त रत्नाप्पा कुंभारांचं नाव इथं पोरासोरांना माहीत आहे. तरीही गोव्याचा लढा म्हणजे गोव्याचा, असं आपण मनाशी धरून बसलो. कुरुंदवाडला पलुस्करांचं नाव घेतलं जातं ते संगीतातल्या कामासाठी. त्यांच्या परंपरेतल्या एका गायकाच्या धडपडीतून दोन वायरलेस संच पोर्तुगीजांच्या ठाण्यातून बाहेर निघाले, हे त्यांच्या जन्मगावात मुलांना सांगितलं गेलं पाहिजे. कोल्हापुरात फडक्यांचं स्मरण होतं तेव्हा गीतरामायण गायलं जातंच. त्याच मंचावर सिल्वासा, आंबोली आणि रानडे हेही बोललं जावं. आंबोलीला धबधबा पाहायला दर पावसाळ्यात आपल्याकडून हजारो गाड्या जातात. त्या वळणांवरून जाताना आपण कुठून जातोय हे मुलांना सांगायला फक्त दोन मिनिटं लागतात.

आणि एक विनंती. शिरोळ, कुरुंदवाड, नृसिंहवाडी, जयसिंगपूर, आणि वाटेवरच्या गडहिंग्लज-आजऱ्याच्या ज्या घरांत आज पंच्याऐंशी-नव्वदीतली माणसं आहेत, त्यांनी त्यांना विचारावं. १९५५ ते १९६१ या काळात तुमच्याकडे रेडिओ होता का? गोव्याचं स्टेशन लागायचं का? त्यावर कोणती गाणी ऐकलीत? कधी कुणी पोर्तुगीजमध्ये किंवा कोकणीत गोवा मुक्तीच्या बातम्या सांगताना ऐकलं का? जे सांगतील ते मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि गावच्या वाचनालयात किंवा शाळेत त्याची एक प्रत ठेवा. लिबिया लोबो सरदेसाई यांना भारत सरकारने २०२५ साली पद्मश्री जाहीर केली, तेव्हा त्यांनी वयाची शंभर वर्षं पूर्ण केली होती. ऐकणाऱ्यांपैकी फार थोडे जण आता उरले आहेत, तेव्हा हे काम याच वर्षी करा.